चौदा नंबरची काच

जूनपासून माझ्या दुकानात वेल्डिंग कमी,
काचांची चौकशीच जास्त.
चौदा नंबर आहे का?
बारा चालेल का? दहाच्या दोन जोडल्या तर?
एउलोहिओ शेळ्या दारात उभ्या करून विचारतो,
बाटलीच्या बुडातून पाहिलं तर रे, नीबाल्दो?
नाही. नाही. बाटली तर मुळीच नाही.
मी एकेक काच दिव्यासमोर धरतो,
ओरखडा दिसला की बाजूला टाकतो.
लोक म्हणतात, केवढी ही किरकिर.

ती कुठून आली ते सगळ्या एल्की दरीला ठाऊक आहे.

बाप नऊ वर्षांचा होता.
त्या वेळी सूर्य इथे अर्धामुर्धाच झाकला होता,
आणि बापाच्या हातात थोरल्या बहिणीच्या लग्नाची निगेटिव्ह.
नवरीच्या काळ्या झग्यातून त्याने सूर्य पाहिला,
चार मिनिटं.
दुखलं काहीच नाही.
डोळ्याच्या पडद्याला दुखायची सोयच नसते,
हे डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यानंतर.
तेव्हापासून ज्याच्याकडे पाहील
त्याच्या तोंडाच्या जागी एक काळी टिकली.
मला तो कानांवरून ओळखतो.
द्राक्षाचा घड मान वळवून, कडेकडेने खुडतो.

शाळेत ओर्तेन्सिया बाईंनी पोरांच्या हाती मसूर दिला,
एकेकच दाणा,
आणि ट्रॅक्टरचं मोठं चाक नदीपलीकडे उभं केलं.
एक डोळा मिटा. हात लांब करा.
चारशेपट मोठं चाक, चारशेपट लांब,
दाण्यामागे गडप.
यास्ना घरी येऊन आजोबांना शिकवते:
चंद्राची वाट पाच अंश तिरकी,
म्हणून अमावास्या दर महिन्याला येते
आणि सावली बहुतेक वेळा चुकते,
कधी पृथ्वीच्या वरून जाते, कधी खालून.
शिवाय चंद्र दूर चाललाय,
वर्षाला जेमतेम चार सेंटीमीटर,
आपली नखं वाढतात तसा.
एक दिवस दाणा चाकाला पुरणार नाही.
बाप म्हणतो, मग घाई करायला हवी.

दोन जुलै. सकाळी वेलींच्या काड्यांवर दहिवर.
नगरपालिकेचा माणूस शिडी घेऊन फ्यूज काढत हिंडतोय,
रस्त्यावरचे दिवे फसून पेटू नयेत म्हणून.
साडेतीनला चंद्राने पहिला घास घेतला.
बायका चाळण्या घेऊन अंगणात,
भिंतीवर शंभर कोरी सूर्याच्या,
पोरं त्या तळव्यावर झेलतात.
चारनंतर उजेड पातळ झाला,
तसा नाही, संध्याकाळचा असतो तसा पिवळा नाही,
पत्र्यासारखा. सावल्यांना धार आली.
थंडी घोट्यांपासून चढली.
शेळ्यांनी कोणाला न विचारता घरची वाट धरली
आणि एउलोहिओ डोळ्यांवरची काच न काढताच
त्यांच्यामागे धावून कुंपणाला धडकला.

मग समुद्राकडून, डोंगर पुसत, सावली आली.
काचेत एकच मणी उरला. तोही गेला.
आता मी ओरडायचं होतं: काढा!
महिनाभर ठरलेलं.
माझी जीभ उचलेना.
आयुष्यभर लोकांना उलटंच सांगितलेलं.
यास्नाच ओरडली.

वर, मधोमध काळी टिकली.
भोवती पांढरे केस, लाखो अंश तापलेले,
एरवी सूर्याच्याच उजेडात हरवणारे.
साठ-सत्तर माणसं माना वर करून गप्प,
आणि सगळ्यांना जे काही दिसत होतं
ते कडेनेच.
बापाने मान जराशी वळवली.
आमच्याकडे की वर, कळलं नाही.
"हं," तो म्हणाला, "असं."
एवढंच.

उजवीकडे ठिणगी फुटली.
घाला! या वेळी मीच ओरडलो, वेळेवर.
कोंबडा आरवला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या,
आम्ही सगळे आपापल्या डोळ्यांत परतलो.
तो होता तिथेच होता.

रात्री मी काचा खोक्यात भरत होतो.
पुढच्या डिसेंबरात दक्षिणेकडे आणखी एक आहे म्हणे,
यास्ना वहीत बघून म्हणाली.
बाप माझ्या कानाकडे बघत म्हणाला,
फेकू नकोस त्या.